मस्कतला मावशीकडे निघालात? डोंगर, वादी, समुद्र आणि वाळवंट कोणत्या क्रमाने फिरायचं

राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई करून आलेली मी, मस्कतमधल्या पहिल्याच शुक्रवारी जेमतेम दोन किलोमीटरच्या वाटेवर पार कोलमडले. सकाळी साडेनऊला निघाले होते, पाठीवर एक लिटरची बाटली आणि पायात पुण्याहून आणलेले कॉलेजचे बूट. अर्ध्या वाटेत पाणी संपलं, बुटाचा तळवा सुटला आणि सावली शोधायला मान फिरवली तर साऱ्या डोंगरावर सावली म्हणून नव्हती. डिसेंबर होता म्हणून निभावलं. त्यानंतरचे दोन महिने मी मावशीकडे राहून ओमान बऱ्यापैकी पायाखाली घातलं, पण ते त्या दिवशी शिकलेल्या एका गोष्टीच्या जोरावर: सह्याद्रीची सवय इथे उपयोगाला येते, तशीच फसवतेसुद्धा. आपल्याला चिखल, धुकं, निसरडे कातळ, झाडी ओळखीची असते. तहान लागली तर टाक्याचं पाणी मिळतं, खिंडीत ताकवाली मावशी बसलेली असते. इथे यातलं काहीच नाही. म्हणून सोप्यापासून अवघडाकडे, क्रमाने जायचं.

तुमचे काका-मावशी, मामा किंवा ताई ओमानमध्ये असतील आणि तुम्ही महिना-दोन महिने राहायला निघाला असाल, तर हा क्रम तुमच्यासाठी.

तिकीट काढण्याआधी

नोव्हेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा हाच बाहेर भटकायचा काळ. दिवसा २५ अंशांच्या आसपास, रात्री छान गार. आपल्या परीक्षा संपून सुट्टी लागते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये आणि तिथेच घोळ होतो. मस्कतपासून तासाभरावर समुद्राकाठी कुरियात नावाचं गाव आहे. जून २०१८ मध्ये तिथे सलग २४ तास पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही, रात्रीसुद्धा. अशा हवेत डोंगर चढणं म्हणजे धाडस नव्हे. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर पहाटेचा समुद्र आणि उंचावरचा जबल अख्दर यांवर समाधान माना, किंवा जूनअखेर ते सप्टेंबरमध्ये दक्षिणेला सलालाला जा. तिथे त्या दिवसांत मोसमी ढग अडतात, रिमझिम सुरू होते आणि डोंगर कोकणासारखे हिरवे होतात. त्या मोसमाला ‘खरीफ’ म्हणतात. शब्द आपल्या पिकांच्या हंगामाचाच. मात्र मस्कतहून सलाला सुमारे हजार किलोमीटर आहे, हेही लक्षात असू द्या.

रमजानच्या तारखा बघून घ्या. २०२६ आणि २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं, अगदी पाणी पिणंसुद्धा टाळायचं असतं. म्हणजे वर्दळीच्या वाटांवरचं भटकणं जवळपास बंदच.

सामान भरताना दोन गोष्टी. एक, आईने मावशीसाठी अनारसे दिले तर घरीच ठेवा. आखातातल्या अनेक देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि विमानतळावर त्यावरून फार मोठं संकट उभं राहू शकतं. चिवडा, भडंग, लाडू, मेतकूट खुशाल न्या. दुसरं, झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामक किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नेऊ नका. चिठ्ठी असली तरी ते औषध तिथे चालतं का, हे घरच्यांना आधी विचारायला लावा.

बूट इथूनच घ्या, जाड आणि कडक तळव्याचे. ओमानचा चुनखडीचा दगड किसणीसारखा असतो. आपला बसाल्ट गुळगुळीत होतो, हा होत नाही. सोबत पाण्यात घालायला पट्ट्याचे जुने फ्लोटर्स, सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट, मोठ्या काठाची टोपी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि कानटोपी. हो, कानटोपी. ती कशाला ते पुढे येईलच.

घरच्यांचा आठवडा ओळखा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि खरं तर सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, पण खासगी नोकरीतल्या आपल्या अनेक लोकांना शनिवारीही कामावर जावं लागतं. मग उरतो एक शुक्रवार. त्यातच आठवड्याचा बाजार, कपडे, भारतात फोन, कुणाच्या घरची पूजा. काका पाहुणीला ‘नाही’ म्हणत नाहीत, शनिवारी पहाटे मात्र त्यांनाच कामावर जायचं असतं. म्हणून मी गेल्या गेल्या काकांसोबत बसून कॅलेंडरवर खुणा केल्या: एक शुक्रवार लांबचा, पुढचा जवळचा, तिसरा त्यांच्या विश्रांतीचा. जवळच्या शुक्रवारी मी आणि मावसभाऊ दोघंच जायचो.

पेट्रोलचे पैसे ते घेणार नाहीत. त्याऐवजी गुरुवारी रात्री थंड पेटी तुम्ही भरा: बर्फ, पाणी, सोललेली संत्री, थालीपीठं, लोणच्याची बरणी. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर ती रिकामी करून धुऊन ठेवा. मावशीला यातच सगळं मिळतं.

गाडी कोणती आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. साधी गाडी असेल तर मुत्राह, बिम्माह, वादी शाब, वादी बनी खालिद, रास अल जिन्झ, निझवा एवढं सगळं उत्तम डांबरी रस्त्याने होतं. जबल अख्दरच्या घाटात पोलिसांची चौकी आहे, तिथून पुढे फोर बाय फोरच सोडतात. जबल शम्सच्या वरच्या भागातल्या कच्च्या रस्त्यालाही तीच बरी. वाळूत तर तिच्याशिवाय नकोच.

पहिली पायरी: मुत्राहची डोंगरवाट

मी जिथे कोलमडले, तीच वाट पहिली करा, पण नीट. मुत्राह म्हणजे मस्कतचं जुनं बंदर. कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या, रियाम बागेच्या मागून ही वाट चढते आणि डोंगर ओलांडून मुत्राहच्या वस्तीत उतरते. नकाशावर तिचं नाव सी ३८. दगडांवर पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगाचे पट्टे रंगवलेले दिसतात. ओमानच्या आखीव डोंगरवाटांवर सगळीकडे हीच खूण आहे. वीसेक पावलं गेलात आणि पट्टा दिसला नाही, तर मागे फिरून शेवटचा पट्टा शोधा. अंदाजाने पुढे जाऊ नका. इथे सगळ्या घळी एकसारख्या दिसतात.

सूर्योदयाला बुटाच्या नाड्या बांधून तयार असा. हिवाळ्यात तो पावणेसातच्या सुमारास होतो. दीड-दोन तास लागतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट प्या. कोरड्या हवेत घाम अंगावरच सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. डोकं जड झालं किंवा चिडचिड सुरू झाली की तिथेच थांबा आणि मीठ-साखरेचं पाणी घ्या.

वाटेवरचा काळपट तपकिरी, करपलेल्या भाकरीसारखा दगड हातात घेऊन बघा. मस्कतभोवतीच्या या डोंगरांचा मोठा भाग म्हणजे एकेकाळचा समुद्रतळ आणि त्याखालचा खडक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो जमिनीवर ढकलला गेला. जगभरचे भूशास्त्रज्ञ तो बघायला इथे येतात, आणि तुम्ही त्यावर पाय ठेवून चिवडा खात असता.

उतरल्यावर मुत्राहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एखाद्या कॉफी शॉपमध्ये शिरा. चालवणारा बहुधा मल्याळी असतो आणि हिंदी छान बोलतो. करक चहा आणि पराठ्यात चीज व ‘चिप्स ओमान’ हे तिथले वेफर्स भरून केलेली गुंडाळी मागवा. डोंगर उतरल्यावर याहून चांगलं काही लागत नाही.

दुसरी पायरी: वादी, आणि तिचा स्वभाव

वादी म्हणजे डोंगरातून आलेली घळ. एरवी कोरडी, कुठे बारमाही झऱ्याची, आणि पाऊस झाला की मिनिटांत दुथडी. ओमानमधली सगळ्यात सुंदर ठिकाणं वाद्यांत आहेत आणि भटकणाऱ्यांचे जीवही तिथेच जातात. म्हणून इथे जरा थांबून सांगते.

आपण पावसाळ्यात ट्रेक करणारी माणसं. पाऊस म्हटलं की आपली पावलं डोंगराकडे वळतात. तिथे नेमकं उलट. जमीन पाणी पीत नाही, उतार नागडे, त्यामुळे वीस-तीस किलोमीटर लांब पडलेला पाऊस निरभ्र आकाशाखाली तुमच्या अंगावर येतो. एप्रिल २०२४ च्या पुरात तिथे शाळकरी मुलांचेही बळी गेले. नियम असे: आदल्या रात्री आणि निघताना हवामानाचा इशारा बघा. वरच्या डोंगरावर काळे ढग दिसले तर बेत रद्द. वादीत असताना नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या किंवा घरघर ऐकू आली, तर सामान सोडून सरळ बाजूच्या कड्यावर चढा. प्रवाहाच्या दिशेने पळू नका. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. ते जीवघेणं तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे. पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी ९९९९ हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

आता वादी शाब. मस्कतहून सूरच्या महामार्गाने दीड-पावणेदोन तास. पहाटे साडेपाचला निघा. वाटेत बिम्माहला थांबता येतं. सपाट माळावर अचानक मोठा खड्डा आणि त्यात पाचूसारखं पाणी. तारा पडून तो झाला, असं लोक सांगतात. खरं म्हणजे खालची चुनखडी विरघळून छत कोसळलं. पायऱ्या आहेत, पोहता येतं. पण गर्दी व्हायच्या आत शाबला पोचायचं असेल तर बिम्माह परतीसाठी ठेवा.

शाबला महामार्गाच्या पुलाखाली गाडी लावायची. होडीवाला एक रियाल घेऊन पलीकडे सोडतो, पैसे सुटे ठेवा. एक रियाल म्हणजे हजार बैसा. बैसा हा आपला पैसाच, आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत आखातात आपला रुपयाच चालत असे. होडी संध्याकाळी बंद होते, ती वेळ उतरतानाच विचारून घ्या.

पलीकडे केळी आणि खजुराच्या बागा, आणि त्यांच्या कडेने वाहणारा पाट. याला फलज म्हणतात. कोकणातल्या माणसाला लगेच घरी आल्यासारखं वाटतं. डोंगरातलं पाणी उतार साधत, पंपाशिवाय गावापर्यंत आणून पाळीपाळीने वाटून घ्यायची ही पद्धत फार जुनी आहे. ओमानमधल्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. या पाटात पाय धुऊ नका, साबण तर नाहीच. खाली कुणाची तरी बाग त्यावर जगते.

पाऊण तास चालल्यावर डोह लागतात. बूट आणि पिशवी दगडावर ठेवा, फ्लोटर्स घाला, फोन जलरोधक पिशवीत बांधा आणि पाण्यात उतरा. काही ठिकाणी चालता येतं, काही ठिकाणी पाय टेकत नाही. शेवटच्या डोहाच्या टोकाला कड्यात डोकं जेमतेम मावेल एवढी फट आहे. त्या फटीतून पोहत आत गेलं की वरून उजेड झिरपणारी गुहा आणि तिच्यात कोसळणारा धबधबा. मी त्या फटीशी दोनदा मागे फिरले होते. तिसऱ्यांदा मावसभाऊ पुढे गेला आणि आतून हाक मारत राहिला, त्याच्या आवाजाच्या रोखाने मी गेले. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट न्या, आणि तरीही त्या शेवटच्या डोहात उतरू नका. त्यापेक्षा वादी बनी खालिदला जा. तिथले डोह मोठे आहेत, काठ उथळ आहेत आणि मावशी-काकाही पाण्यात पाय सोडून बसू शकतात.

कपड्यांचं: पोहतानाही टीशर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट. मुलींनी लेगिंग्ज. वादी ही कुणाच्या तरी गावाची वाट असते, बायका-मुलं तिथून जात-येत असतात. त्यांचे फोटो न विचारता काढू नका. समोर आलेल्या म्हाताऱ्यांना ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणा. बहुतेक वेळा खजूर आणि कावा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे येतो. कप उजव्या हातात घ्यायचा. बस झालं की तो हलकेच हलवून परत द्यायचा, नाहीतर भरतच राहतात.

समुद्र

बेडकासारखे हातपाय मारत पोहण्यापुरतं येत असेल तरी दयमानियात बेटांभोवतीचं स्नॉर्केलिंग जमतं. ही नऊ बेटं मस्कतच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून १५-२० किलोमीटर आत, राखीव क्षेत्रात आहेत. होडीवाल्याकडेच आधी नोंदणी करा, परवान्याचं तेच बघतात. कासवं आणि पक्ष्यांच्या विणीसाठी मे ते ऑक्टोबर बेटांवर उतरायला बंदी असते. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या. प्रवाळावर उभं राहू नका. पाठ उन्हाने भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच पाण्यात उतरा.

दक्षिणेकडच्या खडकाळ किनाऱ्यांवर मात्र लाटांच्या जवळ जाऊ नका. जुलै २०२२ मध्ये सलालाजवळच्या मुघसैलला लाटांनी भारतीय पर्यटकांना ओढून नेलं. आडोसा ओलांडून दोन पावलं पुढे, एवढंच कारण.

कासवांची रात्र

रास अल जिन्झ हे अरबस्तानाचं जवळजवळ पूर्वेकडचं टोक. तिथे हिरवी समुद्री कासवं वर्षभर अंडी घालायला येतात, उन्हाळ्यात जास्त. तिथल्या केंद्रात आगाऊ नोंदणी करूनच, वाटाड्यासोबत रात्री किंवा पहाटे किनाऱ्यावर जाता येतं. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली असतील तर नियम ओळखीचे वाटतील: बॅटरी नाही, फ्लॅश नाही, आवाज नाही, कासवाच्या समोर जायचं नाही. फरक आकाराचा. एक मीटरहून लांब पाठीची ती आई पुढच्या पायांनी वाळू उडवत खड्डा बुजवते, थकून थांबते, जोरात श्वास सोडते. तो श्वास ऐकू येण्याइतकं शांत राहा. पहाटेची फेरी निवडलीत तर ती उजाडताना समुद्रात परत जाताना दिसू शकते. हिवाळ्यात कधी एखादंच कासव येतं, कधी एकही नाही. तेवढी तयारी ठेवूनच जा.

जबल शम्स: कड्यावरची वाट

आतापर्यंत पाणी, बूट आणि पट्टे अंगवळणी पडले असतील, तर ओमानच्या सर्वांत उंच डोंगराकडे वळा. जबल शम्स सुमारे ३,००० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. शिखर लष्करी हद्दीत आहे. आपल्याला हवी ती डब्ल्यू ६ ही वाट, वादी घुलच्या दरीच्या कडेने जाणारी. दरी सुमारे हजार मीटर खोल. अल खितैम वस्तीपासून दीड-दोन तास जवळजवळ सपाट चाललं की कड्याच्या पोटाला चिकटलेलं अस-साब हे सोडून दिलेलं गाव लागतं. दगडी घरं, ओसाड पडलेल्या शेताच्या पायऱ्या. इथे माणसं गहू पिकवून राहिली, हे समोर दिसत असूनही खरं वाटत नाही.

वाट रुंद आहे, पण कठडा नाही. चक्कर येणाऱ्याने आतल्या बाजूने चालावं. सेल्फीसाठी कडेला जायचं नाही, फोटो काढताना चालायचं नाही. शेळ्या मागे लागतात, त्यांना पिशवी दाखवू नका.

मुक्काम वरच करा. ओमानमध्ये वस्तीपासून दूर मोकळ्यावर तंबू टाकायला सहसा कुणी आडकाठी करत नाही. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. कानटोपी, स्वेटर, दोन जोड मोजे लागतात ते इथे. मुक्काम गुरुवारचा असेल तर शुक्रवारी पहाटे उतरून निझवाचा गुरांचा बाजार गाठा. मालक शेळी-बोकड हाताशी धरून गोल फिरतात आणि भोवती बसलेले लोक ओरडून भाव लावतात. सांगोल्याच्या बाजाराची आठवण येते.

वाळवंट शेवटी

वाळू सोपी वाटते म्हणून बरेच जण ती आधी करतात. मी शेवटी ठेवते, कारण तिथे चूक झाली तर मदतीला ना वाट असते ना खूण. मस्कतहून अडीच तासांवर बिदियाह गाव, तिथून शर्किया वाळवंट सुरू होतं. जुनं नाव वहिबा सँड्स. शंभर मीटरपर्यंत उंच टेकड्या, उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर पसरलेल्या. पहिल्या खेपेला गाडी बिदियाहला ठेवा आणि तंबूवाल्यांच्या वाहनाने आत जा. दुसऱ्या खेपेला आपली फोर बाय फोर न्यायची असेल तर सोबत आणखी एक गाडी हवीच. चाकांची हवा १५-१८ पीएसआयवर उतरवा, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, गाडी आणखी खाली जाते. उतरा, हातांनी वाळू काढा, हवा थोडी आणखी सोडा आणि आल्या चाकोरीतून मागे या. बाहेर आल्यावर पेट्रोल पंपावर हवा भरून मगच हमरस्ता धरा. अंधार पडल्यावर हमरस्त्यावर उंट येतात, त्यामुळे परतीचा प्रवास दिवसाच.

शेकोटीसाठी लाकूड शहरातून न्या. वाळूत जे एकटं काटेरी झाड उभं दिसतं ते घाफ. ते दुसरं-तिसरं कुणी नसून आपली शमी आहे. दसऱ्याला जिची पूजा होते, जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रं लपवली, तीच. मला हे कळलं तेव्हा मी तिच्या सावलीत बसून मावशीने दिलेला तिळाचा लाडू खात होते. तिची फांदी तोडू नका, वाळलेलीही नाही. राख आणि कचरा पिशवीत भरून परत आणा. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका, विंचू ऊब शोधत आत बसतात.

घरी परतलात की तंबू गच्चीत उन्हात घाला, बुटातली वाळू बाहेरच झाडा, आणि काकांची गाडी त्याच संध्याकाळी धुऊन आणा. मस्कतमध्ये मळकी गाडी रस्त्यावर दिसली तर दंड होऊ शकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांनाच न्यायची असते.